कातडी कमावणाऱ्याची गाणी

त्या गाण्यांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. मुलीला सोडायचं आणि आणायचं, एवढंच माझं काम. दर शनिवारी दुपारी मस्कतमध्ये अल खौदहून रूवीपर्यंत गाडी हाकायची, चर्चच्या आवारातल्या हॉलपाशी तिला उतरवायचं आणि दोन तास गाडीतच एसी लावून बसायचं. मला स्वस्थ बसणं जमत नाही. पहिल्या शनिवारी मी डॅशबोर्ड पुसला, दुसऱ्या शनिवारी डिकी आवरली, आणि तिसऱ्या शनिवारी शेजारच्या गाडीची काच पुसावी की काय असं वाटायला लागलं. चौथ्या शनिवारी एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईने माझ्याच काचेवर टकटक केली आणि आत येऊन गा म्हणाली.

ती अमेरिकन म्हातारी. विद्यापीठात इंग्रजी शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी हा हौशी गायनवृंद चालवायची. मला गाता येत नाही, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, उत्तम, ही गाणी गाता न येणाऱ्या लोकांसाठीच लिहिलेली आहेत. मला ते ऐकून राग आला आणि रागाच्या भरात मी आत गेले.

आत पंचवीसेक माणसं होती. केरळचे, गोव्याचे, काही फिलिपिनो नर्सेस, दोन इंग्रज, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी. माझ्या सख्ख्या वहिनी नव्हेत. मस्कतमध्ये मराठी बायका एकमेकींना वहिनी म्हणतात, तेवढं नातं पुरतं. त्या पुण्याच्या, शास्त्रीय गाणं रीतसर शिकलेल्या. माझ्या मुलीमुळेच त्यांना या वृंदाचा पत्ता लागला होता. मनाने चांगल्या, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या बोलण्यातून तसं वाटणार नाही. मला डेंगी झाला तेव्हा आठ दिवस मऊ भाताचा डबा खाली आला होता.

बसायची पद्धत विचित्र होती. समोर श्रोते आहेत असं धरून ओळीने उभं राहायचं नाही, तर खुर्च्यांचा चौकोन करायचा, चारी बाजूंना चार आवाज, सगळ्यांची तोंडं आत. आधी शब्दांशिवाय नुसते सूर गायचे, आपल्या सरगमसारखे. पण त्यांच्याकडे चारच अक्षरं. वहिनींना त्याचं हसू आवरायचं नाही. ‘सातांचं काम चारांत उरकतात हे लोक!’ मग शब्द. निम्मं गाणं सगळे मिळून गातात, आणि मग एकदम पांगापांग होते. एक बाजू एकटीच सुरू करते, मागून दुसरी तीच चाल घेऊन शिरते, मग तिसरी, मग चौथी. चौघांच्या तोंडी एकाच वेळी वेगवेगळे शब्द. शेवटी सगळे कुठेतरी भेटतात आणि थांबतात.

मी दर वेळी तिथेच चुकायचे. माझी बाजू सुरू झाली की दोन ओळी मी नीट धरायचे, आणि समोरून वहिनींची बाजू शिरली की माझा सूर आपोआप त्यांच्याकडे जायचा. त्यांचा आवाज पक्का, माझा कच्चा. म्हातारी हात वर करायची, सगळे थांबायचे. एकदा ती सरळ म्हणाली, ‘तू फार सभ्यपणा करतेस. इथे सभ्यपणा चालत नाही. समोरची काय गाते ते ऐक, पण आपली ओळ सोडू नकोस.’ बायका हसल्या. मीही हसले. घरी जाताना मात्र ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं, कारण ते काही फक्त गाण्यापुरतं खरं नव्हतं.

मग तो शनिवार आला. कार्यक्रम दोन आठवड्यांवर होता. म्हातारीने सांगितलं, शेवटची तीन गाणी एकाच माणसाची आहेत. अमेरिका देश म्हणून नुकता उभा राहत होता तेव्हाचा माणूस. कोणी शिकवलेलं नाही, स्वतःच शिकला, आणि तिकडे जन्मून तिकडचीच देवाची गाणी रचणाऱ्या पहिल्या काहींपैकी एक. गावोगावच्या साध्या लोकांना तो गायला शिकवायचा. नाव झालं, गाणी घरोघरी गेली, आणि मेला तो गरिबीत. ‘आणि धंदा?’ तिने आपणच विचारलं आणि आपणच सांगितलं. ‘कातडी कमावणारा. टॅनर. कमावलेल्या कातड्यावर खडूने सूर लिहून ठेवायचा म्हणतात.’

मी हातातला कागद फाइलमध्ये घातला, परत काढला. कोणाच्या लक्षात आलं नसेल.

‘हा माणूस दिवसभर नेमकं काय करत असेल, कोणाला माहीत आहे का?’ तिने चौकोनात सगळीकडे पाहिलं.

मला माहीत होतं. ओलं कातडं चुन्याच्या पाण्यात किती दिवस ठेवायचं, केस कशाने खरवडायचे, बाभळीची साल कुटून तिचा अर्क कसा काढायचा, कातड्याची पिशवी शिवून त्यात तो भरून कशी टांगायची, सगळं माहीत होतं. मी शाळेत केमिस्ट्री शिकवते. टॅनिन म्हणजे काय ते दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण मला ते पुस्तकातून माहीत नव्हतं. आमची जात ढोर. कातडी कमावणारी. माझे आजोबा मरेपर्यंत तेच करत होते, आणि माझे बाबा मास्तर होईपर्यंत शाळेतून आले की दप्तर टाकून कातडी भिजवायच्या कुंडापाशी जायचे. नंतर बाबांनी गावाच्या नावावरून आडनाव लावून घेतलं. नवऱ्याकडेही तेच झालेलं. दोन्हीकडची आडनावं अशी की ऐकून कोणाला काही उलगडू नये. वहिनींनी ओळख झाल्यापासून पाच-सहा वेळा तरी सहज म्हणून विचारलं असेल, ‘तुमचं मूळ आडनाव काय हो?’ आणि मी दर वेळी तितक्याच सहजपणे चहा टाकायला उठले असेन.

त्या दिवशीही मी कागदावरच्या ओळी मोजत बसले. मधल्या सुट्टीत वहिनी माझ्या मुलीला म्हणाल्या, ‘बघ गं, किती ग्रेट! इतक्या घाणीत राहून इतकं पवित्र संगीत. चिखलात कमळ म्हणतात ते हे.’

‘ईऽऽ काकू, म्हणजे डेड अॅनिमल्स? हाताने?’ मुलीने नाक दाबलं. ‘सो ग्रोस! त्याच्या बाजूला कोण बसत असेल?’

दोघी हसल्या. मी त्यांच्यापासून दोन पावलांवर बिस्किट खात उभी होते.

मुलीला आम्ही सांगितलेलं नव्हतं. हा आम्हा दोघांचा निर्णय, आणि तो पुष्कळ दिवस मला शहाणपणाचा वाटत होता. तिचा जन्म इथला. शाळेत ती इंग्रजीत बोलते, इथल्या माणसांना आपण सगळे सारखेच ‘हिंदी’, म्हणजे भारतीय. मग त्या पोरीच्या डोक्यावर ते ओझं कशाला द्यायचं? पण तिचं ते ‘ई’ ऐकल्यापासून मला घरात चैन पडेना. ओटा पुसला, परत पुसला. रात्रीची भांडी संध्याकाळीच घासली. शाळेत एका वर्गाला एकच धडा दोनदा शिकवला आणि पोरांनीही सांगितलं नाही.

त्यात कार्यक्रमाचं निवेदन म्हातारीने मुलीवर सोपवलं. दर गाण्याआधी चार वाक्यं. तिने लिहिलेलं मला कौतुकाने दाखवलं. त्या माणसाबद्दल लिहिलं होतं की तो दुर्गंधीत आणि घाणीत राबला, पण त्याचा आत्मा निर्मळ राहिला. ‘हे लास्ट वालं काकूंनी सजेस्ट केलं. छान आहे ना?’

‘छान आहे,’ मी म्हणाले. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही.

म्हणजे आता माझी पोरगी दोनशे माणसांसमोर माझ्या आजोबांना घाण म्हणणार होती, आणि मी मागे पांढऱ्या साडीत फाइल धरून उभी राहणार होते. नवरा नोकरीसाठी आठवडाभर सोहारला असतो, त्याला मी फोन लावला. म्हटलं, मी तिला सांगते.  तो म्हणाला, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला सांगशील, ती मैत्रिणीला सांगेल, मग वरच्या मजल्यावर जाईल. पंधरा वर्षांत इथे मला कोणी माझं काही विचारलं नाही. त्यासाठीच तर आलो ना आपण?’ त्याचंही खोटं नव्हतं. कॉलेजच्या मेसमध्ये त्याच्याशी काय झालं होतं ते मला माहीत आहे. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा ओट्यापाशी गेले.

पण मला झोंबत होतं ते मुलीचं ‘ई’ एकटंच नाही. तीन वर्षांपूर्वी बाबा इथे आले होते. आई गेल्यानंतरची पहिलीच थंडी. त्यांना आम्ही निझवाला नेलं, बरोबर वहिनींचं कुटुंबही होतं. बाजारात एका दुकानाबाहेर बकऱ्याच्या कातड्याच्या, पाण्याच्या जुन्या पखाली टांगल्या होत्या. बाबा थांबले. एकीवरून हात फिरवला, अंगठ्याने दाबून पाहिली, नाकाशी नेली. दुकानदार म्हातारा ओमानी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण हाताने, बोटाने, कुटल्याची खूण करून त्यांचं काय बोलणं रंगलं! त्या माणसाने आतून कसल्याशा शेंगा आणून बाबांच्या ओंजळीत घातल्या. बाबा माझ्याकडे वळले. चेहरा असा फुललेला, आई गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता. ‘अगं, हे लोक शेंगा वापरतात! आमच्या घरी आपली साल...’

वहिनी चार पावलांवर होत्या. ‘बाबा, चला, उशीर होतोय,’ मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा लागला. उशीर कसलाही होत नव्हता. बाबांनी शेंगा त्या माणसाला परत दिल्या, हात झटकले आणि माझ्यामागून निघाले. त्यानंतर ते इथे आलेले नाहीत. दर वर्षी बोलावते, दर वर्षी गुडघे दुखतात म्हणतात.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. वहिनींनी ऐकलंसुद्धा नव्हतं.

कार्यक्रमाआधीच्या शनिवारी वहिनी पाहुण्यांमुळे तालमीला आल्या नाहीत. परतीच्या वाटेवर गाडीत मी आणि मुलगीच. ती मोबाइलमध्ये बघून निवेदन पाठ करत होती, तेच वाक्य, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या आवाजात. माझा फाटा चुकला. हायवे धरायचा सोडून मी वादी अदाईकडे वळले, दोन्ही बाजूंना डोंगर, आणि परत कुठून फिरायचं ते सुचेना. एका पेट्रोल पंपाशी गाडी उभी केली आणि सगळं सांगून टाकलं. नीट जुळवलेलं काही नव्हतं. आजोबा, पणजोबा, कुंड, आडनाव, जे आधी तोंडात आलं ते. ‘तू ज्याला घाण लिहिलंयस ना, ते आपलं घर आहे,’ असंही म्हणाले. माझा आवाज चढला होता. दोष तिचा नव्हता, तरी मी तिच्यावरच ओरडत होते.

ती समोरच्या काचेतून बघत बसली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा सो व्हॉट म्हणेल. हल्लीची मुलं, इथली मुलं, त्यांना काय जात. तिने विचारलं ते निराळंच.

‘मी ई केलं तेव्हा तू तिथे होतीस?’

‘होते.’

‘मग तू काहीच नाही बोललीस.’ थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘आणि निझवाला तू आजोबांना शट अप केलंस. मला आठवतं. मला वाटलं तू बोअर झालीस म्हणून.’

मी गाडी सुरू केली.  पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली ते पाणी दे, चार्जर कुठाय, इतपतच. निवेदनाचं काय केलं ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही असं म्हटलं पाहिजे.

गुरुवारी संध्याकाळी वहिनी चष्मा, पेन आणि डब्यात गरम शिरा घेऊन खाली आल्या. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम, तर एकदा निवेदनावरून शेवटचा हात फिरवू म्हणाल्या. जेवणाच्या टेबलाशी दोघी बसल्या. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात, कान बाहेर.

‘हा पॅरा कुठे गेला गं?’ वहिनींचा आवाज. ‘त्या टॅनरचा? किती सुंदर होता.’

‘तो मी कट केला, काकू. नवीन लिहायचाय. मला नीट माहीत नाही ते कसं करतात, म्हणून मी विचारणार आहे.’

‘कोणाला? गूगलला?’

‘नाही. आजोबांना.’

माझ्या हातातलं गाळणं सिंकमध्ये पडलं. इथून व्हॉट्सअॅपवर फोन लागत नाहीत, साधाच लावावा लागतो, म्हणजे ती अविचाराने करत नव्हती; माझ्या पर्समधून परदेशी फोनचं कार्ड काढून, त्यावरचा नंबर बघून, एकेक आकडा दाबत होती. मी दारात आले. तिने मला पाहिलं, आणि माझ्याकडे बघतच फोन स्पीकरवर टाकून टेबलावर, शिऱ्याच्या डब्याशेजारी ठेवला. तिकडे रिंग वाजत होती. तिला थांबवायचं तर एक पाऊल पुढे टाकून लाल बटण दाबलं की झालं असतं. ते करायची इच्छा मला झाली नाही असं मी म्हणणार नाही. 

‘हॅलो? कोण, चिमणी का? अगं, सगळं ठीक ना?’ बाबांचा आवाज. अवेळी फोन आला की ते आधी घाबरतात.

‘हो आजोबा, सगळं ठीक. आजोबा, मला एक सांगा ना. कातडी कशी... कातडी कशी बनवतात? म्हणजे तुमचे बाबा कसे बनवायचे?’

वहिनींचं पेन थांबलं. त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांची नजर चुकवली नाही. चुकवायला जागाच नव्हती.

 फोनमध्ये मागे कुठेतरी कोणाचा तरी टीव्ही चालू होता. बाबांनी खाकरल्यासारखं केलं आणि मग ते बोलले ते अगदी हळू, तोंडाशी हात धरून बोलल्यासारखं.

‘बाळा, तिथं कुणी आहे का? शेजारच्या त्या बाई आहेत का?’

‘आहेत. का?’

‘मग नंतर कर हां फोन. नंतर सांगतो. तुझ्या आईला आवडायचं नाही.’ आणि घाईने, मलाच सावरून घेत, ‘तिचं बरोबर आहे. परक्या मुलखात राहता तुम्ही, तिला बघावं लागतं सगळं.’

शहात्तर वर्षांचा माणूस. उभं आयुष्य पोरांना खणखणीत आवाजात शिकवलेला. त्याचा आवाज मी इतका बारीक करून ठेवला होता.

‘बाबा,’ मी दारातून म्हणाले. आवाज टेबलापर्यंत पोचला. ‘मी इथेच आहे. वहिनी पण आहेत. सांगा तिला.’

‘अगं पण...’

‘सांगा. मोठ्याने सांगा, तिला लिहून घ्यायचंय. उद्या लोकांसमोर वाचणार आहे ती.’

‘तुमच्या आजोबांचं काम हे?’ वहिनी मला हळूच म्हणाल्या. मी मान हलवली.  त्यांच्या मनात काय आलं ते मला आजही माहीत नाही, आणि त्या वेळी मला त्याची पर्वा नव्हती.

 मुलीने वही पुढे ओढली, टोपण दाताने काढलं. मला एकदम वाटलं, फोन कट झाला.

‘नक्की ना गं?’ बाबांनी विचारलं. ‘तुला चालेल ना?’

स्वतःच्या बापाचं काम काय होतं ते नातीला सांगायला माझ्या बापाला माझी परवानगी लागत होती.

‘नक्की,’ मी म्हणाले, आणि त्यांचा विश्वास बसेना म्हणून पुन्हा एकदा, ओरडूनच म्हणाले.